तेल कुठे मुरते आहे

४ नोव्हेंबर

आज ठरले. वन्सं जाणार.

धाकट्या दिराच्या मुलाने, म्हणजे आमच्या पुतण्याने, घाटापलीकडे नवे घर बांधले आहे. त्यात तळमजल्यावरची एक खोली खास आत्यासाठी काढली आहे. उंबरा नाही, न्हाणीघरात धरायला दांडी, खिडकीबाहेर झाड, सगळे. लहानपणी तो वन्संच्याच अंगाखांद्यावर वाढला. आता आत्याने कायमचे आपल्याकडे राहावे असे त्याचे म्हणणे. मला फोनवर म्हणाला, "काकू, तू फक्त हो म्हण." जसे काही मी वन्संना दाव्याला बांधून ठेवले आहे!

मी वन्संना म्हणाले, "जा की. मी काय अडवतेय थोडीच? तिकडची हवाही चांगली आहे."

वन्सं म्हणाल्या, "तुझी सोय होत असेल तर जाते."

संपला विषय. खरे सांगायचे तर सुंठीवाचून खोकला गेला. हे गेल्यापासून घरात आम्ही नणंद-भावजय दोघीच. रेडिओ त्या इतका मोठा लावतात की शेजारी आमच्याच रेडिओवर बातम्या ऐकतात. शब्दकोडे पेनने सोडवतात आणि चुकीचे सोडवतात. पत्त्यांत तर उघड उघड लबाडी. आता घर कसे शांत होईल.

रविवारी माझ्याच गाडीतून सोडून यायचे. वन्संनी सगळी नोकरी बस डेपोच्या स्टोअरमध्ये काढली, येणाऱ्या-जाणाऱ्या मेकॅनिकांना सुटे भाग दिले, पण बसमध्ये बसल्या की त्यांना उलटी होते.

रात्री झोप लागली नाही. संध्याकाळचा दुसरा चहा बंद केला पाहिजे.

७ नोव्हेंबर

घाटात जायचे म्हणून गाडी जरा मोठ्या रस्त्यावर फिरवून आणली. वन्सं शेजारी. एरवी मी बाजारापलीकडे जात नाही, त्यामुळे लक्षात आले नव्हते. सरळ रस्त्यावरही मला स्टीअरिंग सारखे इकडे-तिकडे हलवत राहावे लागते. थोडे फिरवले तर काहीच होत नाही, आणखी फिरवले की गाडी एकदम वळते.

मी म्हणाले, "हिचं पहिल्यापासून असंच आहे."

"पहिल्यापासून नाही," वन्सं म्हणाल्या. "तू वळवतेस आत्ता, आणि चाकांना निरोप पोचतोय उद्या. स्टीअरिंग सैल झालंय. असल्या गाडीतून घाट उतरायचा? मला भाच्याकडे जायचंय गं, तुझ्या नवऱ्याकडे नाही."

मला हसू आले आणि हसताना गाडी आणखी हलली. रविवारचे जाणे रद्द. पुतण्याला कळवले. बिचारा हिरमुसला. मला मात्र आज भूक चांगली लागली होती, बाहेर फिरून आल्यामुळे असेल.

१० नोव्हेंबर

गॅरेज. हा मेकॅनिक मोठा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवतो, त्याची मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून ऐकत बसतो. वन्संनी लगेच त्याचे नाव कानसेन ठेवले. तो मला 'ताई' म्हणतो आणि त्यांना 'मावशी'. माणूस पारखी आहे.

कानसेनने स्टीअरिंग बॉक्सवरचा एक स्क्रू आवळला आणि म्हणाला, "झालं ताई, काम फत्ते." मी फेरी मारून आले. सैलपणा गेला होता, पण वळण घेतल्यावर स्टीअरिंग सरळच होईना. आपोआप परत येते ते येईना. मलाच ओढून आणावे लागले.

वन्सं खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकत होत्याच. म्हणाल्या, "अरे, ढिलं दिसलं की आवळलंच पाहिजे का? आधी सांधे बघ. बॉक्सला हात सगळ्यात शेवटी."

"मावशी, तुम्ही कुठे काम करत होता?"

"जिथे तुझ्यासारखे मेकॅनिक स्क्रू आवळून पळायचे आणि दुसऱ्या दिवशी बॉक्स मागायला यायचे, तिथे."

कानसेनने निमूट स्क्रू परत होता तसा केला. मग वन्सं गाडीत बसल्या. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण स्टीअरिंगला हलके हलके डावे-उजवे हिसके देणे जमते. आणि मी, या वयात, जमिनीवर पोते टाकून त्यावर आडवी! कानसेनने माझा हात पुढच्या उजव्या चाकामागच्या सांध्यावर ठेवला. वन्सं वर स्टीअरिंग हलवायच्या आणि माझ्या बोटांखाली टक, टक. दांडा हलायचा, सांधा जरा थांबून मग हलायचा. डाव्या बाजूला असे काही नव्हते. शाळेच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षे मदतनीस होते, पण दोष असा बोटाला लागलेला कधी पाहिला नव्हता.

"सापडला!" मी खालूनच ओरडले.

"गुडघ्यासारखा झिजलाय ना?" वरून वन्सं. "माझाही असाच वाजतो."

नवा सांधा मागवायचा आहे. येईल तेव्हा येईल, घाई नाही.

१५ नोव्हेंबर

सांधा आला, बसला. कानसेन म्हणाला दुसऱ्या बाजूचाही बदलून टाकू, दोन्ही एका वयाचे आहेत. मग चाकांचे अलाइनमेंट. आता स्टीअरिंगवर बोट ठेवले तरी गाडीला कळते. पण गंमत अशी की हाताला जुनी सवय. मी आपली हलवतेच आहे आणि गाडी रस्ताभर नागमोडी!

वन्सं म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. तुझं अंगण सरळ केलं तर नाच वाकडा निघाला."

घरी येईपर्यंत हसत होतो. पुतण्याला फोन करायचा राहून गेला.

१९ नोव्हेंबर

कानसेनने पॉवर स्टीअरिंगच्या तेलाची टाकी उघडून दाखवली. लाल असायला हवे ते तेल काळे झाले होते. यांच्या हयातीत कधी बदलले असेल तर असेल. म्हणाला, असल्या तेलाने पंप खराब होतो, बदलूनच घ्या. बदलले.

आजचा दिवस फार छान गेला. जुने तेल काढून नवे भरले की नळ्यांत हवा अडकते, ती काढावी लागते. पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलली, इंजिन बंद. मी स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे आणि वन्संनी टाकीत डोकावून बुडबुडे बघायचे. "येतायत... येतायत... अजून येतायत... अगं, टोकाला जाऊन दाबून धरू नकोस, पंपाला त्रास होतो... आता कमी झाले..." मधे मधे कानसेन तेल वाढवत होता. शेवटी त्या ओरडल्या, "थांबले!" आणि दोघीही दमून खाली बसलो. कानसेनने चहा मागवला. पंपाचा पट्टाही अंगठ्याने दाबून बघितला, ताण बरोबर होता.

आता स्टीअरिंग एका बोटाने फिरते. रविवारी निघायचे. वन्सं म्हणाल्या, "नवं तेल घातलंय, तर रोज सकाळी पातळी बघायला हवी. मीच बघत जाईन, तुला वाकायला नको." ढक्कनालाच काडी असते, तिच्यावर खालची खूण आणि वरची खूण. तेल दोन्हींच्या मध्ये हवे.

रात्री आमटी निम्मी उरली. दमलो होतो.

२२ नोव्हेंबर

घोडे पुन्हा पेंड खायला लागले. सकाळी वन्सं आत येऊन म्हणाल्या, "अगं, तेल उतरलंय." जाऊन बघितले तर खरेच, खालच्या खुणेच्याही खाली. काल तर ठीक होते! गाडी सुरू केली तर वळवताना पंप कण्हायला लागला आणि स्टीअरिंग जड. अशी गाडी उद्या घाटात नेणार कशी?

गाडीखाली सबंध पुठ्ठा पसरून ठेवला आहे. गळत असेल तर डाग दिसेल.

२४ नोव्हेंबर

पुठ्ठा कोरडा. नवे तेल घातले होते, ते पुन्हा उतरले. प्रयोगशाळेत मी शिकले ते एकच, कुठलीही वस्तू नाहीशी होत नाही, ती कुठेतरी जातेच. मग हे तेल जाते कुठे?

२६ नोव्हेंबर

कानसेन घरी येऊन गेला. नळ्या पुसून बघितल्या, पंप पुसून बघितला, सांध्यांवरची रबरी टोपणे दाबून बघितली. सगळे कोरडे. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बराच वेळ ऐकले. मग म्हणाला, "ताई, कुठेतरी पाणी मुरतंय."

"पाणी नाही रे, तेल मुरतंय," वन्सं म्हणाल्या आणि त्याला आणखी एक कप चहा दिला. अलीकडे त्या कानसेनशी फार गोड वागतात. त्याने सगळ्या नळ्यांच्या क्लिपा आवळल्या आणि गेला. जाणे अर्थातच पुढच्या आठवड्यावर.

२८ नोव्हेंबर

मला खोकला झाला आहे. दुपारी वन्सं पडल्या होत्या म्हणून त्यांच्या कपाटातली खोकल्याच्या औषधाची बाटली घ्यायला गेले. गेल्या महिन्यात अर्धी झाली होती, आता गळ्यापर्यंत भरलेली. म्हणजे ह्या औषध घेतच नव्हत्या की काय? मी झाकण उघडून चमच्यात ओतणार, तोच वन्सं पलंगावरून उडी मारून आल्या. ज्यांना खुर्चीतून उठायला माझा हात लागतो त्या! बाटली हिसकावून घेतली.

"जुनं आहे ते. घेऊ नकोस."

"अहो, जुनं असतं तर संपलं नसतं का?"

"नवीन आणून देते तुला, पण हे नको."

एवढ्याशा औषधासाठी इतका जीव? माणूस म्हातारपणी कशाकशाला चिकटून राहतो. मला जरा वाईटच वाटले. संध्याकाळी मात्र त्या स्वतः चौकापर्यंत चालत जाऊन नवी बाटली घेऊन आल्या आणि चमच्याने मला पाजली. वर म्हणाल्या, "तुला काही झालं तर मी कुणाशी भांडू?"

२ डिसेंबर

तेल पुन्हा उतरले. कानसेनला फोनवर कळवले. वन्संच्या शिलाई मशीनच्या खणात रुमालाला लाल डाग दिसला. मी विचारले तर म्हणाल्या, बीट चिरलं होतं. आमच्याकडे बीट कधी आणले होते ते मला आठवत नाही. विसरभोळेपणा वाढला आहे माझा.

पुतण्याचा फोन. "काकू, अजून किती दिवस? खोलीला पडदेसुद्धा लावलेत." मी जरा तुसडेपणानेच म्हणाले, "अरे, गाडी आहे, कागदी होडी नाही. नीट झाल्याशिवाय कशी आणू?" फोन ठेवल्यावर माझे मलाच कळेना, त्या पोराने माझे काय बिघडवले.

दुपारी पत्ते. वन्संनी राणी मांडीखाली लपवली होती. मी पकडली, त्या नाही म्हणाल्या, मग भांडण, मग चहा. ऊन खिडकीतून थेट टेबलावर येत होते. पुढच्या डिसेंबरात या टेबलाशी मी एकटी काय खेळणार, असे मनात आले. पेशन्स म्हणून एक खेळ असतो म्हणे, एकट्याने खेळायचा. शिकून घेतला पाहिजे.

६ डिसेंबर

गॅरेज. कानसेनने हात टेकले. म्हणाला, सबंध स्टीअरिंग बॉक्स उतरवू, पंप उघडू, त्याशिवाय कळणार नाही. आठवडा जाईल. तोही बिचारा रडकुंडीला आला आहे. सगळ्या गल्लीला कळले आहे की याला एका गाडीचे तेल सापडत नाही.

मी वैतागून म्हणाले, "मी कंटाळले आता. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. रोज उठून आज जायचं, उद्या जायचं!"

मला खरे म्हणायचे होते की हे रोजचे निघणे आणि राहणे आता सोसवत नाही. वन्सं मागे खुर्चीवर होत्या. परत येताना गाडीत रेडिओ लावला नाही. मी विचारले, "बरं नाही का वाटत?" तर म्हणाल्या, "बरंय की. मला काय होतंय?" मग बाहेर बघत बसल्या.

कानसेनला म्हटले आहे, बॉक्स उतरवण्याआधी दोन-चार दिवस बघू.

१० डिसेंबर

तेल उतरायचे थांबले आहे! रोज सकाळी काडीवर वरच्या खुणेला बरोबर टेकलेले. कानसेन येऊन बघून गेला. आनंदाने त्याची छाती फुगली. "क्लिप, ताई! मी म्हटलं नव्हतं? सगळं त्या क्लिपवर होतं!" वन्सं म्हणाल्या, "हो रे बाबा, क्लिपच." त्यांचा आवाज उतरलेला होता. सर्दी असेल.

मीच पुतण्याला फोन केला. रविवारी येतो म्हटले. तो इतका खूश झाला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

१३ डिसेंबर

सगळे बांधून झाले. शिलाई मशीन चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवले. वन्संनी आपली खोली स्वतः झाडून काढली. कपाट रिकामे करून आत नवा कागद अंथरला. मी म्हणाले, "असू दे ना, मी करीन." त्या म्हणाल्या, "तुझ्यावर पसारा कशाला टाकून जाऊ?"

दुपारी शेवटचा डाव मांडला. वन्सं सरळ खेळल्या. एकही पत्ता लपवला नाही. मी जिंकले, पहिल्यांदाच निर्विवाद, आणि इतके वाईट वाटले की उठून भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती, तरी पुन्हा घासली.

आज लिहूनच टाकते, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. मला त्यांनी जायला नको आहे. पण त्यांना खोली मिळते आहे, उंबरा नसलेली, पुतण्याची माया आहे. मी मध्ये येऊ का? आणि त्या स्वतः एकदाही म्हणाल्या नाहीत की राहते.

१४ डिसेंबर, रविवार

हाताला अजून तेलाचा वास येतो आहे.

उजाडताच उठले. वन्सं न्हाणीघरात होत्या. गाडीपाशी गेले, बॉनेट उघडले, काडी बघितली. तेल बरोबर वरच्या खुणेला. स्टीअरिंग हलवून बघितले, जराही सैल नाही. पंप कण्हत नाही. गाडी इतकी चांगली या जन्मात कधी नव्हती. मला तिचा राग आला.

मग मी जे केले ते या वयाच्या बाईने करायचे नाही. प्रयोगशाळेतली रबरी नळी घरात होती. ती आणली. एक टोक टाकीत, दुसरे खाली मगात. असल्या नळीने बरणीतून बरणीत काय काय उतरवले आहे मी, हात विसरला नव्हता. तेल झरझर यायला लागले. मनात म्हटले, आज तरी नाही. आज एक दिवस तरी नाही.

मागून आवाज आला.

"अगं, एवढं एका वेळी नसतं काढायचं."

वळून बघितले तर वन्सं. प्रवासाचे कपडे, अंगात स्वेटर, हातात पिशवी. मी चोरासारखी उभी, हातात नळी, मग निम्मा भरलेला.

"पंप कोरडा चालला तर जळून जाईल," त्या म्हणाल्या. "खुणेच्या जरासं खाली, एवढंच काढायचं. तेसुद्धा गाडी बाहेर न्यायची नसेल तेव्हा. मी पिचकारीने काढायचे."

मला आधी कळलेच नाही. मग कळले आणि मी बॉनेटला धरून उभी राहिले. पुठ्ठा कोरडा का, खोकल्याची बाटली भरलेली का, ते कळले.

"तुम्ही?" मी म्हणाले. "आणि तो बिचारा कानसेन कान लावून लावून थकला! मग थांबलात का मध्येच?"

"तूच म्हणालीस ना, कंटाळले, एकदाचं होऊन जाऊ दे. म्हटलं, हिला नकोय आपण. उगाच कशाला लोंबकळत राहायचं?"

"अहो, मी जाण्या-राहण्याला कंटाळले होते! तुम्हाला नाही!" मी आता रडत होते, आणि डोळे पुसायला गेले तर तेलाचाच हात. "वन्सं, जाऊ नका. मला तुम्ही हव्या आहात."

"मग हे महिनाभर बोलायला तोंड शिवलं होतं का?"

"तुम्ही तरी बोललात का?"

"मी कशी बोलणार? घर तुझं."

"घर माझं? ते तुमच्या भावाचं आधी होतं, मग माझं झालं!"

यावर त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली, स्वेटरच्या बाहीने माझ्या गालावरचे तेल पुसले. त्या पुसण्यात बरीच चापटही होती.

मग आत जाऊन त्यांनीच फोन लावला. मी दारात उभी राहून ऐकत होते. "अरे, आज नाही जमत. स्टीअरिंगचं तेल गेलंय... हो, पुन्हा... नाही, कानसेनचा काही दोष नाही." मग बराच वेळ तो बोलत होता आणि वन्सं नुसत्या "हं, हं" करत होत्या. एकदा त्यांनी माझ्याकडे पाठ वळवली. "खोली राहू दे रे तशीच. आम्ही दोघी येऊ, उन्हाळ्यात, चांगल्या राहायला येऊ. पण परत येऊ. आणि मधे तू येत जा. मुलांना घेऊन ये."

फोन ठेवला आणि डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. "बघत काय बसलीस? बॉनेट उघडं टाकून आलीस. धूळ जाईल टाकीत. चल, तू बस स्टीअरिंगवर, बुडबुडे मी बघते."